निफाडच्या थंडीत प्रीमियर पद्मिनी: ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा अनुभव

निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचे आकडे दर हिवाळ्यात पेपरात येतात. अशा थंडीत रात्रभर पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहणारी १९८९ ची पद्मिनी मी ऑक्टोबरपासून रोजच्या कामाला वापरतोय. १०८९ सीसीचं इंजिन, सोलेक्स कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा), पॉइंटवाला डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) आणि हाताने ओढायचा चोक, जो थंड इंजिनला हवा कमी करून पेट्रोल जास्त देतो. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे किंवा जे घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो.

माझं ठाम मत असं की थंडीत गाडी त्रास देत असेल तर कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी उघडावा. गॅरेजमध्ये बोनेट उघडलं की पहिला हात मिक्श्चरच्या स्क्रूकडे जातो. पण तो स्क्रू फक्त स्लोपुरता, म्हणजे गाडी जागेवर हळू चालण्यापुरता असतो. सकाळी सेल्फ मारूनही गाडी पकडत नाही, याचं कारण बहुतेक वेळा दुसरीकडे असतं.

सुरुवात बॅटरीपासून करा. थंडीत बॅटरीचा जोर घटतो, त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट झालेलं असतं, म्हणजे सेल्फला काम जास्त आणि ताकद कमी. सेल्फ जास्त करंट ओढतो तेव्हा कॉइलला मिळणारा व्होल्टेज पडतो आणि ठिणगी नेमकी हवी तेव्हाच अशक्त होते. बॅटरीवर मीटर लावा. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत आणि सेल्फ मारताना ते साडेनऊच्या खाली जाता कामा नयेत. माझ्या गाडीत बॅटरी चांगली होती, पण इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली होती. ती घासून बसवली आणि सेल्फचा आवाजच बदलला. त्यानंतर डेल्कोतले पॉइंट घासून फट गेजने लावून घेतली आणि त्यांच्याजवळचा कंडेन्सर बदलला. कंडेन्सर चांगल्या दुकानातूनच घ्या, बाजारात फार हलका माल आहे.

थर्मोस्टॅटबद्दल, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेबद्दल, मात्र जरा जास्त लिहावं लागेल. आपल्याकडे जुन्या गाड्यांचा थर्मोस्टॅट काढून टाकायची रीतच आहे, उन्हाळ्यात गाडी गरम होऊ नये म्हणून. माझ्या गाडीचाही आधीच्या कोणीतरी काढलेला होता. पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर चालतो, म्हणजे इंजिन सुरू असेपर्यंत तो फिरतच राहणार. थर्मोस्टॅट नसेल तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये जातं आणि जानेवारीत चांदोरीपर्यंत पोचलं तरी टेम्परेचरचा काटा जागचा हलत नाही. इंजिन थंड राहिलं की पेट्रोलची नीट वाफ होत नाही. थेंब मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरपर्यंतच्या नळ्यांच्या) भिंतीला चिकटतात, सिलिंडरमध्ये पोचणारं मिश्रण पातळ पडतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी असतं, मग माणूस चोक ओढून ठेवतो. त्याने प्लग काळे होतात, ॲव्हरेज पडतं आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. सुमारे ८० अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट बसवला आणि चोक लवकर आत ढकलता येऊ लागला. या हिवाळ्यात सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक याने पडला. उन्हाळ्यात गाडी गरम होतच असेल तर रेडिएटर साफ करून घ्या, थर्मोस्टॅटला हात लावू नका.

गोदावरीकाठच्या धुक्यात वेगळाच प्रकार अनुभवाला आला. गाडी काही किलोमीटर उत्तम चालायची, मग पिकअप मरायचा आणि गतिरोधकाशी वेग कमी केला की बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की काही न करता पुन्हा सुरू. पेट्रोलचा कचरा, एसी पंप (इंजिनवरचा पेट्रोल खेचणारा पंप), सगळ्यांवर संशय घेऊन झाला. हा कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरण्याचा प्रकार आहे. पेट्रोलची वाफ होताना आजूबाजूची उष्णता खेचली जाते, कार्ब्युरेटरच्या गळ्याजवळची हवा वीसेक अंशांनीही थंड होऊ शकते आणि धुक्यातलं बाष्प तिथेच गोठतं. म्हणजे बाहेर दहा अंश असले तरी आत बर्फ. थांबल्यावर इंजिनची ऊब वर चढते आणि तो वितळतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पत्र्याचं आवरण बनवून घेतलं आणि तिथली गरम हवा नळीने एअर फिल्टरच्या तोंडाशी आणली. त्यानंतर हा त्रास झाला नाही. उन्हाळ्यात ही नळी आठवणीने काढायची.

एवढं सगळं झाल्यावर कार्ब्युरेटर उघडला, तोही इथेनॉलमुळे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. कार्ब्युरेटरमधले जुने जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) पहिल्या हिशोबाचे, त्यामुळे इंजिनला मिश्रण पातळ मिळतं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या अडीच पट उष्णता लागते, म्हणजे थंडीत दुहेरी मार. मेन जेट एक नंबर मोठा घातला, प्लगचा रंग बघून खात्री केली. पेट्रोलचे जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारे घेतले. हे काम टाळू नका, फुगलेला पाइप गरम इंजिनवर गळला तर आग लागू शकते.

सकाळची माझी पद्धत आता ठरली आहे. गाडी दोन-चार दिवस उभी असेल तर एसी पंपाची पट्टी हाताने दाबून कार्ब्युरेटर भरून घेतो. दिवे बंद, क्लच पूर्ण दाबलेला, म्हणजे गिअरबॉक्सचं घट्ट ऑइल सेल्फला फिरवावं लागत नाही. चोक पूर्ण ओढून सेल्फ थोडा वेळच मारायचा, नाही पकडली तर थांबायचं. पेट्रोल ओव्हर झाल्याचा वास आला तर चोक आत, ॲक्सिलरेटर तळाला आणि मग सेल्फ. सुरू झाल्यावर जागेवर रेस करत बसत नाही, मिनिटभरात हळू निघतो. चालताना इंजिन लवकर गरम होतं.

एक काम बाकी आहे. २०-डब्ल्यू-५० ऑइल उन्हाळ्याला ठीक, पण पहाटे जड जातं, त्यामुळे पुढच्या दिवाळीला १५-डब्ल्यू-४० घालून बघणार आहे.