प्लग प्लास्टिकवर ठेवला होता

खंबाटकी चढताना गाडी मिसिंग करायला लागली, चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. घाट संपताच रस्त्याकडेच्या एका गॅरेजात शिरलो. स्कॅनरवर पी०३०२ आला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं इंधन नीट पेटत नव्हतं. "चारही कॉईल गेल्यात साहेब." कॉईल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, प्रत्येक सिलिंडरला एक. मी कुरकुरलो, तर फिटर म्हणाला, "डोळ्यांनी बघा."

त्याने एक कॉईल उपसली, टोकाला प्लग खोचला, इंजिनवरच्या काळ्या झाकणावर आडवा ठेवला आणि पोराला स्टार्टर मारायला सांगितलं. ठिणगी नाही. चौघींचं तेच. मग नवी कॉईल आली. या वेळी प्लग पकडीत धरून इंजिनच्या धातूला टेकवला. चट् चट्, निळीशार ठिणगी! मी मुकाट ११,२०० रुपये मोजले. निघताना बायको म्हणाली, "जुनं सामान मागून घ्या." तेवढंच काय ते शहाणपण.

पुण्यात आमच्या नेहमीच्या फिटरकाकांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "झाकण प्लास्टिकचं होतं ना?"

कॉईलमध्ये दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं, काहीशे फेऱ्यांचं. दुसरं बारीक तारेचं, हजारो फेऱ्यांचं. जाड तारेतून बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह काही मिलिसेकंद वाहतो आणि गाभ्यात चुंबकत्व साठतं. मग गाडीचा कॉम्प्युटर प्रवाह झटक्यात तोडतो. ठिणगी पडते ती तोडताना, जोडताना नाही. हे मला पन्नाशीत कळलं. चुंबकत्व कोसळतं, बारीक वेटोळ्यात २० हजार व्होल्टच्याही वर दाब चढतो आणि प्लगची मिलिमीटरभर फट ओलांडतो. पण त्याला परतीची वाट लागते, ती प्लगच्या आट्यांतून इंजिनच्या धातूत. आट्या प्लास्टिकवर अधांतरी असल्या की धडधाकट कॉईलही मेलेली दिसते. वर, असा कोंडलेला दाब आतलं इन्सुलेशन फोडून कॉईल खरोखरच मारू शकतो.

काकांनी जुन्या चारही कॉईल परत बसवल्या. गाडी लोण्यासारखी चालली. मग दोष कुठे होता? बिलात सगळ्यात खाली बारीक अक्षरात: प्लग ४, ७२० रुपये. जुन्या प्लगांपैकी एकाच्या चिनीमातीला तडा होता.

"दुसऱ्याची कॉईल तिसऱ्यावर लावायची," काका म्हणाले. "कोड ०३०३ झाला तर कॉईल खराब. ०३०२ च राहिला तर आधी प्लग बघायचा, मग इंधन फवारणारा इंजेक्टर. दहा मिनिटांचं काम."

नव्या चार कॉईल डिकीत पडून आहेत.