तळाशी पंखा असलेला पाच ताटल्यांचा डीहायड्रेटर: परसबागेला कितपत पुरतो?

डीहायड्रेटर म्हणजे गरम हवेने भाज्या वाळवणारे यंत्र. त्याबद्दलची निम्मी नाराजी यंत्रामुळे नसते, बागेच्या आखणीमुळे असते. एका तोडणीत सहा किलो टोमॅटो घरात येतात आणि ताटल्यांवर मावतो त्याचा चौथा हिस्सा. त्यामुळे आधी यंत्राची खरी ताकद मोजू, मग गुणदोष बघू.

इथे ज्याचा विचार केला आहे तो सर्वत्र मिळणारा साधा नमुना: गोल, २५० वॅटच्या आसपासचा, तळात हीटर आणि पंखा, वर एकमेकींवर बसणाऱ्या पाच प्लास्टिकच्या ताटल्या, भोकांचे झाकण आणि ३५ ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत फिरणारे बटण. मधे नळीसारखी पोकळी असते. बहुतेक मॉडेलांमध्ये गरम हवा खालून वर चढते आणि झाकणातून बाहेर पडते.

क्षमतेचा हिशेब खोक्यावर छापलेला मानू नका. ३२ सेंटिमीटर व्यासाच्या ताटलीचा मधला भाग आणि कड वजा केली की वापरायला साधारण ७०० चौरस सेंटिमीटर उरतात, पाच ताटल्यांचे मिळून ३५००. चकत्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मधे जागा सोडावी लागते, म्हणजे भरते ती ७० टक्के जागा. ६ मिलिमीटर जाडीच्या टोमॅटोच्या चकत्या लावल्या तर एका भरणीत सव्वा ते दीड किलो बसतात. टोमॅटोत ९४ टक्के पाणी असते. १४०० ग्रॅम टोमॅटोमधला घन भाग फक्त ८४ ग्रॅम. दहा टक्के ओलावा राखून वाळवले तर हाती ९३ ग्रॅम येतात, बाकीचे १३०० ग्रॅम पाणी हवेत गेलेले असते. एवढ्या पाण्याची वाफ करायला पाऊण ते एक युनिट वीज लागतेच, त्याला पळवाट नाही. प्रत्यक्षात यंत्र दहा-बारा तास चालते आणि दोन ते तीन युनिटे घेते. अर्ध्याहून जास्त उष्णता झाकणातून खोलीत जाते. या रचनेत ते होणारच.

जादा ताटल्या वेगळ्या मिळतात म्हणून पाचाच्या दहा करण्याचा मोह होतो. तो आवरावा. हीटर तोच, पंखा तोच, फक्त पाणी दुप्पट. खालच्या ताटल्या हवेतली उष्णता खाऊन टाकतात आणि वरच्या ताटल्यांना मिळते ती कोमट, दमट हवा. त्या हवेत काप वाळण्याऐवजी आंबतात. वरच्या ताटलीला आंबूस वास येऊ लागला तर कारण बहुधा हेच.

तापमानाच्या बाबतीत ही यंत्रे सर्वात कच्ची असतात. बटणावर ५५ लिहिलेले असते, आत काय चालले आहे ते वेगळेच. थर्मोस्टॅट दोन धातूंच्या पट्टीचा असतो. तो बराच तापल्यावर हीटर तोडतो आणि बराच थंड झाल्यावर जोडतो, म्हणून आकडा सतत वरखाली होत राहतो. यंत्र आणल्यावर पहिले काम हे: रिकामे यंत्र तासभर चालवायचे, काडीचा डिजिटल थर्मामीटर आधी सर्वात खालच्या आणि मग सर्वात वरच्या ताटलीत ठेवून पंधरा-पंधरा मिनिटांतला कमाल आणि किमान आकडा टिपायचा. दोन्हींची सरासरी हेच त्या बटणाचे खरे तापमान. बटणावर कायमच्या शाईने स्वतःच्या खुणा करून घ्याव्यात. रिकाम्या यंत्रातही खाली-वर दहा अंशांहून जास्त फरक दिसला तर ते परत करावे. भरलेल्या यंत्रात फरक वाढतो, कारण बाष्पीभवनाने वरची हवा गार होते. तो दोष धरू नये.

तापमान एवढे महत्त्वाचे का? भाज्यांसाठी ५२ ते ६० अंशांचा पट्टा योग्य. लवकर आटपावे म्हणून सुरुवातीलाच ७० वर ठेवले तर फोडीच्या पृष्ठावरचे पाणी आतल्या पाण्यापेक्षा फार वेगाने उडते, बाहेर कडक कवच तयार होते आणि आतला ओलावा कोंडला जातो. बोटाला फोड वाळलेली लागते, आठवड्याने बरणीत बुरशी दिसते. गाजर आणि टोमॅटोच्या जाड कापांत हे हमखास घडते. उलट ४५ च्या खाली ओल्या भाज्या तासन्‌तास राहिल्या तर जंतूंना आयते घर मिळते. म्हणजे घड्याळापेक्षा थर्मामीटर आणि कापाची जाडी यांच्याकडे लक्ष हवे. एका भरणीतले सगळे काप सारख्या जाडीचे हवेत, नाहीतर पातळ जळकट होतात तोवर जाड ओलेच राहतात. चकत्या करायची किसणी या यंत्राइतकीच गरजेची आहे.

दर दीड-दोन तासांनी ताटल्यांचा क्रम बदलावा लागतो: सर्वात खालची वर, बाकीच्या एकेक पायरी खाली. विक्रेते याचा उल्लेख टाळतात. रात्री लावून झोपायचे असेल तर हे यंत्र घेऊच नका. पाठीमागे पंखा असलेल्या, खणांच्या पेटीसारख्या यंत्रासाठी पैसे साठवा. त्यात हवा आडवी, प्रत्येक ताटलीवरून स्वतंत्रपणे जाते. ताटली फक्त एकदा मधे फिरवावी लागते, कारण पंख्याजवळची बाजू आधी वाळते. दुसरा फायदा असा की टोमॅटोचा रस हीटरवर गळत नाही. तळाच्या पंख्यात तो थेट आत जातो, जळतो, वास मारतो आणि हळूहळू पंखा जाम करतो. टोमॅटो लावायचेच असतील तर बिया आणि गर निथळून घ्यावा, चकत्या तासभर चाळणीत ठेवाव्यात आणि सर्वात खालची ताटली रिकामी सोडून तिच्यात सछिद्र कागद किंवा बारीक जाळी ठेवावी. पूर्ण झाकणारा कागद नको, वाराच बंद होतो.

यंत्राची एक बाजू मात्र निर्विवाद जमेची आहे. उन्हात वाळवायचे तर हवा निदान ३० अंश आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली हवी. ती नसली की भाजी वाळण्याआधी बिघडते. डीहायड्रेटरला बाहेरच्या हवेची एवढी पर्वा नसते. ३० अंश तापमानाची, ८५ टक्के आर्द्रतेची दमट हवा ५५ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता साधारण २३ टक्क्यांवर येते. म्हणजे पावसाळी दिवसातही ती पाणी ओढू शकते, फक्त वेळ वाढतो. अट एकच: बंद कोंदट खोलीत यंत्र ठेवू नये, कारण बाहेर टाकलेलीच वाफ ते पुन्हा आत घेते.

आता बाग. दिवसाला सव्वा-दीड किलो ही मर्यादा धरून उलटा हिशेब करायचा. ठरावीक उंचीवर थांबणाऱ्या टोमॅटोच्या झाडांची बहुतेक फळे दोन-तीन आठवड्यांत एकदम पिकतात. निरोगी झाडाला तीन किलो धरले तर चार झाडांचे बारा किलो, त्यातले पाच-सहा किलो ऐन भराच्या आठवड्यात. यंत्राच्या चार भरण्या झाल्या. एवढेच झेपते. सहा-आठ झाडे लावायची असतील तर सतत वाढणाऱ्या वेली जाती निवडा, त्यांची फळे बरेच आठवडे थोडी थोडी येतात. वाळवायला रसाळ गोल जातींपेक्षा रोमासारख्या लांबट, घट्ट गराच्या जाती चांगल्या: बिया कमी, रस कमी, गळती कमी.

फरसबीचे झुडूपही एकदम देते. सगळे बी एका दिवशी पेरू नका, दर दोन-तीन आठवड्यांनी एक ओळ पेरा. किलोभर शेंगा एका भरणीत जातात आणि ११० ग्रॅमच्या आसपास वाळलेल्या निघतात. शेंगा आतले दाणे फुगण्याआधी तोडाव्यात. निबर शेंग वाळते, पण भिजवल्यावर दोरीसारखी लागते.

भेंडी या यंत्राशी जमवून घेत नाही. ती एक दिवसाआड तोडावी लागते, लहान बागेतून प्रत्येक वेळी पावशेरच निघते आणि एका ताटलीसाठी यंत्र दहा तास चालवणे परवडत नाही. मिरची मात्र समजूतदार. लाल झाल्यावरही झाडावर काही दिवस टिकते, त्यामुळे भरणीपुरती साठवता येते. ती उभी चिरूनच लावावी, अख्ख्या मिरचीची मेणचट साल पाणी सहज सोडत नाही. आणि खिडकी उघडी ठेवावी, घरभर ठसका उठतो. मिरची, कांदा यांच्याबरोबर दुसरे काही लावू नये. खालून वर जाणारी हवा सगळ्यांचा वास सगळ्यांना देते. अर्धवट वाळलेल्या ताटल्यांमध्ये नवी ओली भरणी घुसवणेही चूक, वाळलेले काप पुन्हा ओलावा पितात.

मटार गोठवलेलाच बरा. काकडी आणि कच्ची खायची पाने वाळवायच्या भानगडीत पडू नये.

पुदिना, तुळस, ओवा अशा पानांसाठी ३५ ते ४५ अंश पुरतात आणि एक ते चार तासांत काम होते. इथे स्वस्त यंत्राची खोट कळते: बटण सर्वात खाली असूनही आत ५० भरले तर सुगंधी तेले उडून जातात आणि उरतो हिरवा भुसा. हलकी पाने वाऱ्याने उडतात, म्हणून त्यांच्यावर दुसरी जाळी पालथी घालावी. तोडणी फुले येण्याआधी, सकाळी दव सुकल्यावर.

कोणत्या भाज्या आधी उकळत्या पाण्यातून काढायच्या हेही यंत्राच्या पुस्तिकेत बहुधा अर्धवट असते. फरसबी २ मिनिटे, गाजर साडेतीन, कोबी दीड ते दोन, पालक दीड. टोमॅटो, मिरची, कांदा, भेंडी, अळंबी यांना गरज नाही. उकळीने भाजीतली विकरे (एन्झाइम) थांबतात. नाहीतर ती वाळलेल्या अवस्थेतही रंग आणि चव बिघडवत राहतात, गाजर फिकट पडते, शेंगांना गवताचा वास येतो. शिवाय पेशी सैल झाल्याने वाळणे लवकर होते. चार लिटर पाण्यात अर्ध्या किलोपेक्षा जास्त भाजी टाकू नका, मिनिटभरात पुन्हा उकळी आली पाहिजे. नंतर लगेच गार पाण्यात टाकून निथळून, कापडावर कोरडी करून मगच ताटलीवर. ओली ठिबकती भाजी लावली तर यंत्राचा पहिला तास बाहेरचे पाणी उडवण्यातच जातो.

वाळले की नाही ते गरम असताना कळत नाही. दोन-तीन काप बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्या, मग मोडून बघा. फरसबी आणि गाजर टणकन तुटले पाहिजे, पालक चुरला पाहिजे, टोमॅटोची चकती वाकली तर अजून वेळ आहे. खात्रीचा मार्ग वजनाचा: भरण्याआधी आणि नंतर तोलून टोमॅटो मूळ वजनाच्या पंधराव्या हिश्श्यावर, फरसबी नवव्या हिश्श्यावर आली की झाले.

गार झालेले काप काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरून आठवडाभर रोज हलवावेत. जरा ओले राहिलेले काप आपला ओलावा बाकीच्यांना देतात. काचेवर आतून दव दिसले तर सगळे परत यंत्रात. ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या घालायच्या असतील तर हा आठवडा पार पडल्यावरच. दमट भाजी हवाविरहित बरणीत कोंडणे म्हणजे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंना निमंत्रण. तोडणीबरोबर आलेल्या किड्यांच्या अंड्यांची शंका असेल तर पिशवीत बांधून उणे १८ अंशांवर ४८ तास ठेवावे. साठवण अंधारात आणि गारव्यात हवी: १५ अंशांच्या आसपास वाळलेली भाजी सहा महिने चांगली राहते, २७ अंशांना तीनच. वापरताना कपभर वाळलेल्या भाजीला दीड ते दोन कप उकळते पाणी, मीठ मात्र ती फुगल्यावर, कारण मिठाने पाणी शोषणे मंदावते.

टिकाऊपणाबद्दल थोडेसे. आधी जातो पंखा, कुरकुर सुरू होते ती बेअरिंगपासून. अचानक थंड पडलेल्या यंत्रात बहुधा जास्त तापल्याने उडालेला थर्मल फ्यूज असतो. तो स्वस्त असतो, पण तळ उघडावा लागतो, म्हणून स्क्रूने जोडलेला तळ घ्यावा, चिकटवलेला नको. ताटल्या कोमट पाण्यात हाताने धुवाव्यात, डिशवॉशरमध्ये वाकल्या की एकमेकींवर घट्ट बसत नाहीत आणि फटींतून गरम हवा निसटते.

मिरची, शेंगा, पाने आणि दोन-तीन टोमॅटोची झाडे असलेल्या, दिवसा घरी कोणीतरी असणाऱ्या कुटुंबासाठी पाचपैकी साडेतीन. टोमॅटो हेच मुख्य पीक असेल तर दोन, आणि त्यांनी पाठीमागच्या पंख्याचे यंत्र घ्यावे. कोणतेही घेतले तरी बारीक जाळ्यांचा जोड त्याच वेळी मागून घ्या. वाळून लहान झालेले गाजराचे तुकडे मूळ ताटलीच्या फटींतून थेट हीटरवर पडतात.