पाच तासांचा शिळा माग आणि मागे फिरवलेले घड्याळ

केंटकीत राहायला आल्यावर शेजाऱ्याच्या नादाने मला रात्री कुत्र्यांमागे रानात हिंडण्याची गोडी लागली आणि तिच्यापायी गेल्या नोव्हेंबरात एका कुत्रीवर घातलेले 4,200 डॉलर जवळजवळ पाण्यात गेले. रॅकून हा निशाचर प्राणी. कूनहाउंडने, म्हणजे रॅकूनच्या शिकारीसाठी पाळलेल्या कुत्र्याने, त्याचा माग काढायचा, त्याला झाडावर चढवायचे आणि आपण पोहोचेपर्यंत बुंध्याशी भुंकत राहायचे, असा हा प्रकार आहे. इथे ‘कोल्ड नोज’ कुत्र्याला, म्हणजे कित्येक तासांपूर्वीचा शिळा माग उचलणाऱ्याला, मोठा भाव मिळतो. कूनहाउंडांतल्या ब्लूटिक जातीची त्याबाबत ख्याती आहे आणि माझ्यासारखा नवखा गिऱ्हाईक त्या ख्यातीवरच निम्मा भुललेला असतो.

विक्रेत्याने चार वर्षांची ब्लूटिक कुत्री दाखवली. ओढ्याकाठी त्याने प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो घेणारा कॅमेरा बांधला होता. रात्री दोन वाजता त्याने मला त्यातला फोटो दाखवला: पाणी ओलांडून येणारा रॅकून आणि खालच्या पट्टीवर वेळ 9:04. मग कुत्री सोडली. तिने दोनदा जमीन हुंगली, लांबलचक सूर लावला आणि आठ मिनिटांत झाड गाठले. पाच तासांचा माग आठ मिनिटांत, म्हणून मी हरखलो. वास्तविक तिथेच शंका यायला हवी होती, कारण शिळ्या मागावरचा कुत्रा असा धावत सुटत नाही. तो एखादी हाळी देतो, अडखळतो, माग हरवतो, वळसा घालून पुन्हा शोधतो.

घरी आणल्यावर मी शेजाऱ्याच्या मक्याच्या बांधावर स्वतःचा कॅमेरा लावून चार वेळा परीक्षा घेतली. रॅकून गेल्यावर वीस मिनिटांनी सोडली, तर कुत्री उत्तम चालली. दोन तासांनी सोडली, तेव्हा दोन्ही वेळा चार पावले हुंगून माझ्या पायाशी येऊन बसली. विक्रेत्याला फोन केला, तर म्हणाला, “तुमच्या जमिनीत वास टिकत नाही.” हे अगदीच खोटे नव्हते. प्राण्याच्या अंगाचा वास आणि त्याच्या पायाखाली चिरडलेल्या गवता-मातीचा वास यांतून माग बनतो. तो गार, ओलसर जमिनीत टिकतो आणि ऊन व कोरड्या वाऱ्याने उडून जातो, त्यामुळे जमीन आणि हवा न सांगता नुसते तास सांगण्याला फारसा अर्थ नसतो. म्हणून मी गप्प बसलो.

महिनाभराने कौतुकाने जपलेला तो फोटो फोनवर मोठा करून पाहिला. वेळेच्या शेजारी कॅमेऱ्याने तापमान छापले होते: 38 अंश फॅरनहाइट. त्या रात्री नऊच्या सुमारास मी वाटेत, तिथून दोन मैलांवर, पेट्रोल भरले होते आणि गाडीने 51 दाखवलेले मला पक्के आठवत होते. शिवाय फोटोतली पाने ओली चकाकत होती आणि पाऊस आला होता अकरानंतर. म्हणजे फोटो नऊचा नव्हता, अकरानंतरचा होता. घड्याळ मागे फिरवता येते. विक्रेत्याने तापमापकाकडे आणि पानांकडे लक्ष दिले नव्हते. पुन्हा फोन केला, तो उचलला गेला नाही.

कुत्रा घेणाऱ्याने कॅमेरा स्वतःचा न्यावा आणि त्याचे घड्याळ स्वतः लावावे. घड्याळ खरे असले, तरी नऊ वाजताचा फोटो एवढेच सांगतो की नऊला एक प्राणी गेला. त्यानंतर त्याच वाटेने दुसरा गेला नाही, हे तो सांगत नाही, म्हणून कुत्रा सोडण्याआधी पुढचे सगळे फोटो पाहावेत. बर्फ पडून थांबल्यावर उमटलेले ठसे याहून भरवशाचे, कारण बर्फ थांबल्याची वेळ आपल्याला ठाऊक असते. विक्रेत्याने रॅकूनचे कातडे फरफटवून आखलेला माग परीक्षेला धरू नये. त्याचा वास चालत्या प्राण्याच्या पावलांपेक्षा कितीतरी उग्र असतो. आठवडाभर आपल्या रानात वापरून पाहण्याची आणि पैसे परत मिळण्याची अट लेखी घ्यावी. मी ती मागितली तेव्हा तो हसला होता आणि भिडेखातर मीही हसलो होतो.

कुत्री अजून माझ्याकडेच आहे. ताज्या मागावर ती छान चालते. शेजारी तिची किंमत हजार डॉलर करतो.