ढगळ ड्रेसचा पॅटर्न : नऊ महिने, चार ड्रेस

ढगळ ड्रेसला कसलं आलंय माप, या भ्रमात मी गेल्या ऑगस्टमध्ये हा पॅटर्न, म्हणजे कापड कापायचा कागदी फर्मा, घेतला. डाउनलोड करायचा, साध्या ए-फोर कागदांवर छापायचा, चिकटवायचा आणि कापायचा. गोल गळा, कोपरापर्यंत बाही, कमरेला काही नाही, खाली चुन्यांची रुंद झालर, दोन्ही बाजूंना खिसे. किंमत नऊशेच्या आसपास. आता मे संपतोय आणि चार ड्रेस शिवून झालेत, तेव्हा लिहायला हरकत नाही. माझी मजल तोवर उशांचे अभ्रे आणि परकर एवढीच होती. मशीन आईचं, काळं, पायाचं, फक्त सरळ टीप मारणारं.

छत्तीस पानं निघाली. पहिल्या पानावर ५ सेंमीचा चौकोन असतो, तो आधी पट्टीने मोजायचा. मी सगळी पानं चिकटवून हॉलभर पसरल्यावर मोजला, तर ४.८ भरला. दुकानात पान कागदात मावेल असं लहान करून छापलं होतं. दोन मिलिमीटर म्हणजे किरकोळ वाटतं, पण ते चार टक्के झाले. १२४ सेंमीच्या छातीतून पाच सेंमी गायब. सगळं परत छापलं. पुढे इमारतींचे नकाशे काढून देणाऱ्या दुकानातून मोठ्या कागदावर एकसंध काढून घेतलं. चिकटपट्टी वाचली, कंबरही.

माझी छाती ३८ इंच. तक्त्याप्रमाणे मी ‘एल’, आणि त्या मापात तयार ड्रेसची छाती १२४ सेंमी, म्हणजे अंगापेक्षा पावणेअकरा इंच सैल. ढगळच हवा होता ना, म्हणून मुकाट्याने ‘एल’ कापला. तीन दिवस खपून शिवलेला तो ड्रेस घालून बाहेर आले, तर सासूबाई म्हणाल्या, “अगं, दार उघडायला निघालीस की बाहेर? ओढणी तरी घे वरून.”

आपल्याकडे ढगळ कपड्याची खरी परीक्षा हीच. गाऊन दिसला की संपलं. मी आरशासमोर बराच वेळ उभी राहिले आणि लक्षात आलं की दोष घेराचा नव्हता. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती आणि वाकलं की गळा पुढे लोंबत होता. असा कपडा अंगाला टेकतो तो फक्त खांद्यावर आणि मानेमागे, बाकी सगळं तिथून लटकतं. टेकायची जागाच सैल असेल तर खालचा घेर कितीही सुबक असो, गाऊनच दिसणार.

दुसऱ्या वेळी छातीचा तक्ता बाजूला ठेवला. नीट बसणाऱ्या कुर्त्याचा खांदा मोजला, तो ‘एस’शी जुळला. ‘एस’ची तयार छाती ११२ सेंमी, म्हणजे अजूनही सहा इंच ढील. भरपूर झाली. शिवाय गळा कापल्या कापल्या कडेने एक साधी टीप मारून घ्या, असं सूचनांमध्ये होतं. पहिल्या वेळी मला ते रिकाम्या वेळचं काम वाटलं होतं. गळ्याची गोलाई उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, जाते, हाताळता हाताळता ताणते, आणि ही टीप तिला धरून ठेवते. या दोन बदलांनी ड्रेस ड्रेस झाला.

उंचीचं दुखणं वेगळं. मापांच्या श्रेणीत कापलेले कागदी फर्मे अमेरिकेत एबेनेझर बटरिकने १८६३ साली विकायला काढले, आणि असा फर्मा म्हटला की तो कुठलंतरी एक शरीर गृहीत धरणारच. या पॅटर्नमधली बाई १६८ सेंमी आहे, मी १५५. नुसती खालून लांबी कापली तर खिसे मांडीच्या खाली उतरतात आणि पाकीट काढायला वाकावं लागतं. कागदालाच खिशाच्या वर दीड इंचाची घडी घाला, उरलेलं खालून कमी करा.

कापडाचा आकडाही जसाच्या तसा घेऊ नका. त्यात १४० सेंमी पन्हा धरून अडीच मीटर लिहिलंय. आपलं सुती कापड बहुतेक ४४ इंची, त्यात मला साडेतीन मीटर लागलं. आणि आधी भिजवा. पहिला ड्रेस दोन धुण्यांत चांगला दीड इंच आखडला. तिसऱ्याच्या वेळी आईची जुनी सुती साडी घेतली. ती इतक्या वर्षांची धुतलेली, तिच्यात आटायचं काही उरलंच नव्हतं. काठ झालरीला आले. चारांत सगळ्यात देखणा तोच.

आईचा एकच आक्षेप : “एवढीशी माया? उद्या अंग सुटलं तर काय उसवणार?” पॅटर्नमध्ये शिवणीला जेमतेम १ सेंमी सोडलाय. सहा इंच ढील असलेल्या ड्रेसला ते पुरतं, असं मी म्हटलं. पण तिचं वेगळ्या कारणाने खरं निघालं. माझ्याकडे कडा गुंफणारं इंटरलॉक मशीन नाही, म्हणून कच्च्या कडा आत दडवायला आधी सुलट बाजूने एक आणि मग उलट करून दुसरी अशी टीप मारावी लागते. त्याला १ सेंमी कमी पडतो. आता मी दीड सोडते.

वापराचं म्हणाल तर एप्रिल-मेच्या उकाड्यात याला तोड नाही, आणि जमिनीवर मांडी घालून बसायलाही. स्कूटरवर मात्र झालर सांभाळा. मी घेर गुडघ्याखाली दाबून बसते, मागे बसायचं असेल तर जीन्सच. स्वयंपाकात बाही आमटीत बुडते, दुमडून दोन टाके घाला. सगळ्यात आधी उसवला तो खिशाचा वरचा कोपरा, फोनच्या वजनाने. तिथे आतून सुती फीत लावली, मग त्रास नाही. इस्त्री मात्र रोज लागते, त्याला इलाज नाही.

पहिला ‘एल’ रात्री झोपायला वापरते. चौथा ड्रेस सासूबाईंनी मागून शिवून घेतला, खांदा मोजून, खिसे दोन्हीकडे, लांबी घोट्यापर्यंत. त्या तो घरातच घालतात. बेल वाजली की खुर्चीवरची ओढणी घेतात आणि मगच दार उघडतात.