‘दादा, तुमचं भरणं चुकतंय’

पाइप ओढायला नव्याने शिकणाऱ्याला गंडवणं फार सोपं आहे. चांगला पाइप कसा लागतो हे त्याला ठाऊकच नसतं. जीभ भाजली, पाइप गुरगुरला, हाताला चटका बसला, तर दोष मालाचा की आपला हे त्याला ठरवता येत नाही. विकणाऱ्याने ठामपणे सांगितलं की ‘दादा, तुमचं भरणं चुकतंय’, की तो मुकाट्याने पुन्हा भरायला बसतो. माझे जवळजवळ वीस हजार रुपये या एका वाक्यावर गेले. ज्यांना हा नाद लागायच्या बेतात आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितो. (ज्यांना लागलेला नाही त्यांनी लावून घेऊ नये, ही सूचना बायकोची. ती तशीच्या तशी टाकतोय.)

हा माणूस मला इन्स्टाग्रामवर सापडला. त्याचे व्हिडिओ खरोखर चांगले होते, हे आजही कबूल करावं लागतं. तंबाखू तीन थरांत कशी भरायची: तळाचा थर नुसता सोडायचा, मधला हलक्या हाताने दाबायचा, वरचा जरा घट्ट. भरून झाल्यावर न पेटवता ओढून बघायचं, स्ट्रॉने ताक ओढताना लागतो तेवढाच जोर लागला पाहिजे. पहिली काडी फक्त वरचा थर करपवण्यापुरती, मग तो दाबून दुसऱ्या काडीने खरं पेटवायचं. घोट सावकाश घ्यायचे, विझला तर विझू द्यायचा. यातलं एक अक्षर चुकीचं नाही, नंतर जाणकाराकडून मी खात्री करून घेतली. गोम तिथेच आहे. शिकवणी खरी होती, त्यामुळे मालही खरा असणार असं कुणालाही वाटेल.

त्याच्याकडे नवशिक्यांसाठी ‘किट’ होतं, ५,८०० रुपयांचं. ब्रायर लाकडाचा पाइप, तंबाखू दाबायचा टॅम्पर, साफ करायच्या केसाळ काड्या आणि पन्नास ग्रॅम ‘इम्पोर्टेड इंग्लिश मिक्स्चर’. वर फोनवर शिकवणी फुकट. पैसे एका बाईच्या नावाच्या खात्यावर यूपीआयने घेतले. बिल? ‘पाठवतो की दादा, आपलीच माणसं.’ ते कधीच आलं नाही.

पाइप दिसायला देखणा. गडद तांबडा, चकचकीत, नळीवर छोटासा पांढरा ठिपका. पेटवल्यावर थोड्या वेळात तंबाखूच्या वासात दुसराच एक वास मिसळायला लागला, नवीन कपाटाचं दार उघडल्यावर येतो तसला. वाटीच्या काठावर बारीक बारीक फोड आले. वाटी इतकी तापली की धरवेना. फोन केला. म्हणाला, ‘नवा पाइप आहे दादा, ब्रेक-इन व्हायला वेळ द्या, आत कार्बनचा थर बसला की शांत होईल.’ असा थर बसतो हेही खरंच आहे, आणि तो लाकडाला जळण्यापासून वाचवतो. म्हणून मी गप्प बसलो.

मग तळाशी ओली तंबाखू उरायला लागली आणि पाइप गुरगुरायला लागला. उत्तर: ‘लाळ जातेय तुमची.’ जिभेचं टोक सोलवटल्यासारखं झालं, जेवताना आमटीसुद्धा झोंबायची. उत्तर: ‘घाईघाईने ओढताय, आणि भरणं चुकतंय.’ गंमत अशी की लाळ गेल्यानेही पाइप गुरगुरतो आणि घाईघाईने ओढल्यानेही जीभ भाजते. त्याचं एकही उत्तर साफ खोटं नव्हतं. फक्त प्रत्येक उत्तरात दोषी मी होतो आणि पाइप निर्दोष.

असं बरेच दिवस घोळवल्यावर त्याने पुढचं जाळं टाकलं. ‘ब्रायर प्रत्येकाच्या हाताला बसत नाही. तुम्ही मीअरशॉम घ्या, त्याला ब्रेक-इन लागतच नाही.’ हेही खरं! मीअरशॉम हा पांढरा, हलका, सच्छिद्र दगड, तुर्कस्तानात एस्किशेहिरजवळ सापडतो. त्यावर नक्षी कोरून पाइप करतात आणि ओढता ओढता तो मधासारखा पिवळा होत जातो. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाचे कारागीर या कामात नावाजलेले होते. त्याच्याकडे नेमका ‘एका जुन्या पारशी घरातून आलेला, व्हिएन्नाचा, अंबरच्या नळीचा’ पाइप होता. (अंबर म्हणजे झाडाचा चीक गोठून दगडासारखा झालेला जुना खडा.) किंमत चाळीस हजार, पण ‘तुम्ही माझे विद्यार्थी’ म्हणून चौदाला. दाढीवाल्या म्हाताऱ्याचं तोंड कोरलेलं, रंग पिवळसर तपकिरी. मी पैसे पाठवले.

भांडाफोड केला नानांनी, म्हणजे माझ्या मेव्हण्याच्या सासऱ्यांनी. व्यापारी जहाजांवर नोकरी केलेला माणूस, तरुणपणापासून पाइप ओढणारा. डोंबिवलीला त्यांच्याकडे गेलो असताना दोन्ही पाइप सोबत नेले होते, उद्देश एवढाच की भरायचं नीट दाखवा.

त्यांनी भरायला घेतलाच नाही. आधी केसाळ काडी पहिल्या पाइपच्या नळीतून आत सरकवली. चांगल्या पाइपमध्ये ती नळीतून दांडीत आणि तिथून वाटीच्या तळाशी सरळ निघाली पाहिजे. माझी मध्येच अडली. नानांनी नळी काढून दांडीत डोकावलं आणि पाइप माझ्यासमोर धरला. भोक तिरपं पाडलेलं होतं आणि वाटीत ते तळापासून चांगलं वर उघडत होतं. ‘अरे, खाली जी तंबाखू राहते तिला हवाच लागत नाही, ती ओली राहणारच. तू ब्रह्मदेवाकडून भरून घेतलास तरी हा गुरगुरणार.’

मग त्यांनी वाटीच्या बुडाला पॉलिश पेपर घासला. तांबडा रंग भुकटी होऊन निघाला, खाली फिकट, सरळ रेषांचं, हलकं लाकूड. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. ती तासन् तास उकळून तिच्यातला रस काढतात, मग महिनोन् महिने वाळवतात, तेव्हा कुठे ती विस्तव सोसते. गाठ असल्यामुळे तिच्यावर बारीक ठिपके आणि वेडेवाकडे तंतू दिसतात. माझ्या पाइपचं लाकूड बहुधा पेटीखोक्याचं असावं. शिसवीचे बरे पाइप आपल्याकडे होतात आणि ते शिसवीचे म्हणून विकले तर माझी काही तक्रार नाही. इथे साध्या लाकडाला जाड वार्निश फासून त्याला ब्रायर म्हटलं होतं. जीभ सोलणाऱ्या धुरात ते वार्निशही होतं. पांढऱ्या ठिपक्यावर नानांनी नख मारलं, तो निघून आला. डनहिल या नामांकित इंग्लिश कंपनीच्या पाइपवर असा ठिपका असतो, पण तो नळीत बसवलेला असतो, वरून चिकटवलेला नाही.

मीअरशॉमवर त्यांनी फार वेळ घालवला नाही. तळहातावर तोलून म्हणाले, ‘जड आहे.’ खरा दगड सुका असेल तर पाण्यावर तरंगतो. म्हाताऱ्याच्या कानामागून दाढीपर्यंत एक बारीक उभी रेघ होती, साच्याचा जोड. वापरून चढलेला रंग आधी दांडीत आणि वाटीच्या बुडाला गडद होतो, माझ्या पाइपवर तो सगळीकडे सारखा होता. तापलेली सुई बुडाला लावल्यावर प्लास्टिक जळल्याचा वास आला. अंबरच्या नळीचं काय ते विचारायचं मी टाळलं, तरी त्यांनी भरपूर मीठ घातलेल्या पाण्याचा ग्लास मागवलाच. अंबर अशा पाण्यात वर येतं. ही नळी तळाला जाऊन बसली.

तंबाखू राहिली. झिप लावलेली साधी पिशवी, वर छापलेलं लेबल चिकटवलेलं. लेबलावर ‘लटाकिया’ होतं. लटाकियाची पानं लाकडाच्या धुरावर धुरी देऊन तयार करतात, तिला शेकोटीचा वास येतो. माझ्या पिशवीला व्हॅनिलाचा. नानांनी चिमूट दाबून सोडली तर तिचा गोळा तसाच राहिला, आणि ओल्या बोटाला काळा रंग लागला. हा रंग कसला होता देव जाणे, आणि तो मी किती दिवस ओढला याचा हिशोब करायची इच्छा नाही.

आपल्याकडे २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखाली पाकिटाच्या मुख्य दर्शनी भागाच्या ८५ टक्के जागेवर सचित्र इशारा लागतो. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली असायला हवी. घशाच्या कॅन्सरचं चित्र नाही म्हणून पिशवी ‘क्लासी’ दिसते, असं विकणारा म्हणत होता. ते चित्र नाही याचा सरळ अर्थ माल बेकायदा आहे, आणि आत काय आहे याची जबाबदारी कुणाचीच नाही. ‘पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून अपाय नाही’ हेही त्याचं पेटंट वाक्य. धूर तोंडात ठेवला तरी निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शिरतंच, आणि तोंडाचा, घशाचा कॅन्सर पाइपवाल्यांनाही होतो. त्याच्या सगळ्या शिकवणीत शुद्ध खोटं असं हेच एक होतं.

फोटो पाठवून पैसे परत मागितले. आधी म्हणाला, घासून तुम्हीच खराब केलात. मग, ‘म्हाताऱ्यांना काय कळतंय, दादा?’ मग ब्लॉक. इन्स्टाग्रामचं खातंही दुसऱ्या दिवशी दिसेना.

तक्रारीचं सांगतो, कारण इथे बहुतेक जण कंटाळून सोडून देतात. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा किंवा सायबर क्राइम पोर्टलवर नोंदवा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळवलं तर ते अडकवता येतात. माझ्या बाबतीत मधे इतका काळ गेला होता की खात्यात काही उरलं नव्हतं. चौकीत पहिल्यांदा ‘माल तर मिळाला ना तुम्हाला?’ असं ऐकावं लागलं. खोटा माल खरा म्हणून विकणं ही फसवणूकच आहे, हे दोनदा सांगितल्यावर अर्ज घेतला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली, पण तिथे विकणाऱ्याचं नाव, पत्ता, बिल लागतं आणि माझ्याकडे होतं एका बाईचं यूपीआय. चॅटचे स्क्रीनशॉट मात्र मी सुरुवातीपासूनचे ठेवले होते, ‘अस्सल ब्रायर’ आणि ‘ब्लॉक मीअरशॉम’ (म्हणजे अखंड दगडातून कोरलेला) हे शब्द त्याच्याच हाताने टाइप केलेले आहेत. अर्जाला तेवढाच आधार. पैसे अजून आलेले नाहीत.

नानांचा सल्ला विचाराल तर पहिला पाइप मक्याच्या कणसाचा. अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी हे पाइप १८६९ पासून बनतात. स्वस्त, हलके, आणि नकली करण्यात कुणाला फायदा नाही. आपल्याकडे मिळवायला खटपट पडते, पण मिळाला की निदान एवढं कळतं की भरणं आपलं चुकतंय की पाइप वाईट आहे. मी भरलेला तसला पाइप नानांच्या गॅलरीत गुरगुर न करता शेवटपर्यंत चालला, भरायची पद्धत तीच, इन्स्टाग्रामवाल्याने शिकवलेली.

आणि लाकडाचाच घ्यायचा असेल तर पैसे पाठवायच्या आधी दोन व्हिडिओ मागा: केसाळ काडी नळीतून वाटीच्या तळापर्यंत निघताना, आणि वाटीचं बूड दिवसाच्या उजेडात जवळून. खऱ्या विक्रेत्याला हे दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या ओळखीतल्या एकाने याच धर्तीच्या एका नव्या खात्यावर परवा हे मागून पाहिलं. उत्तर आलं, ‘दादा, आधी भरायला शिका.’