पाईपवाली लोखंडी चूल: नऊ महिने वापरल्यावर (आणि एकदा पाईप पेटल्यावर)

अक्षयतृतीयेला चूल आणली, आता जानेवारी चालूय. घेताना लई शोधलं होतं पण वापरून कुणी मराठीत नीट लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून लिहितोय, जरा लांबड होईल.

आमचं घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, जुनं, मागच्या बाजूला पत्रा. आई रविवारी मटणाचे डबे करते, शिवाय रोज पाच माणसांच्या आंघोळीचं पाणी. साध्या चुलीच्या धुरानं तिचे डोळे जायची वेळ आली होती म्हणून उद्यमनगरात एकाकडनं बंद दाराची चूल करून घेतली. वर मोठं भोक, बाजूला वैल, खाली हवेची झडप, 5 इंची पाईप पत्र्यातनं वर काढलेला आणि पाईपात डँपर, म्हणजे धुराची वाट कमी-जास्त करायची झडप. चूल म्हणून एक नंबर, हे आधीच सांगतो. लाकूड पहिल्यापेक्षा बरंच कमी लागतं, भांडी काळी होत नाहीत, घरात धूर नाही. (चुलीवरच्या मटणाला धुराची चव येते वगैरे बोर्डावर लिहायला ठीक आहे, झाकण ठेवल्यावर आत कुठला धूर जातोय, चव येते ती मंद निखाऱ्यानं आणि वाटलेल्या मसाल्यानं.)

रडगाणं आहे ते पाईपचं.

जुलैत पाऊस लागला आणि पाईपच्या जॉइंटमधनं काळं काहीतरी गळायला लागलं. फरशीवर थेंब, भिंतीवर ओघळ, दिसायला हुबेहूब काकवी, वास मात्र डांबराचा आणि घासून निघतच नाही. मला वाटलं पावसाचं पाणी येतंय, वर जाऊन पत्र्याला एम-सील लावून आलो. तर ते पाणी नव्हतंच, क्रिओसोट होतं. लाकूड नीट न जळता नुसतं धुमसलं की धुरात वाफ आणि डांबरासारखे पदार्थ जातात, आणि तो धूर वर जाता जाता साधारण 120 अंशाच्या खाली थंड झाला की ते पाईपच्या आतल्या अंगाला चिकटतं. आधी भुसभुशीत काजळी, मग खवले, आणि तसंच चालू ठेवलं तर चिक्कीच्या पाकासारखा चकचकीत थर, जो ब्रशनं हलत नाही. आणि हे सगळं परत पेटतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

गळत होतं त्याचं कारण वेगळं. फिटिंगवाल्यानं वरचा पाईप खालच्याच्या बाहेरनं बसवलेला, का तर म्हणे धूर बाहेर येत नाही. पाहिजे उलटं, वरच्याचं तोंड खालच्याच्या आत, म्हणजे जे काही ओघळतं ते आतल्या आत परत चुलीत येऊन जळतं.

आता खरी चूक, ती माझी. श्रावण लागला, मटण बंद, डबे बंद, चूल फक्त पाण्याला. मग मी रात्री दोन जाड ओंडके घालून झडप आणि डँपर दोन्ही जवळजवळ बंद करून झोपायचो, सकाळी पाणी आयतं गरम. लई हुशारी वाटायची. लाकूड वखारीतलं, बाभळीचं, पावसात भिजलेलं. गुऱ्हाळावर ओलं चिपाड घातलं की कसा पांढरा घट्ट धूर निघतो तसा धूर महिनाभर रोज रात्री आमच्या पाईपातनं चाललेला आणि आम्ही गाढ झोपेत.

अनंत चतुर्दशी झाली, पुढचा रविवार, पहिलं मटण. जाळ मोठा पाहिजे म्हणून मी गणपतीतल्या नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या साठवलेल्या त्या सगळ्या एकदम आत घातल्या. पाच मिनिटांत पाईपातनं घोंघों आवाज, घाटात एसटी चढताना येतो तसा, पाईप थरथरायला लागला आणि कोपऱ्यावरचा एल्बो हळूहळू लाल दिसायला लागला. शेजारचे काका भिंतीवरनं ओरडतायत, "अरं पाणी मार की लेका!" आईनं घागर उचललीसुद्धा. मी नको म्हणून ओरडलो ते खरं तर भीतीनं, नंतर कळलं की बरोबरच होतं, इतक्या तापलेल्या लोखंडावर पाणी टाकलं की वाफेचा भडका अंगावर येतो आणि पाईप तडकू शकतो. दार, झडप, डँपर सगळं घट्ट बंद केलं, सिलिंडर बाहेर काढला, सगळ्यांना बाहेर घेतलं आणि 101 ला फोन. गाडी येईपर्यंत आवाज बसला होता, तरी त्या लोकांनी वर चढून पत्र्याखालचा वासा हात लावून बघितला. वासा पाईपपासून वीतभर अंतरावर, एका बाजूनं कोळसा झालेला. एकेरी, म्हणजे एकाच थराचा पाईप असेल तर लाकडापासून निदान 18 इंच लांब पाहिजे, हे त्या दिवशी कळलं.

नंतर काय काय बदललं ते सांगतो. वासा कापून बाजूला घेतला, जॉइंट उलटे केले, एल्बो काढून पाईप सरळ वर नेला आणि पत्र्याबाहेरच्या भागाला दुसरा मोठा पाईप घालून मध्ये रॉकवूल (दगडाच्या तंतूंचा न जळणारा कापूस) भरलं, म्हणजे धूर वरपर्यंत गरम राहतो. उंचीही वाढवली, कारण शेजारच्यांचा स्लॅब जवळच आहे. 10 फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्या वर 2 फूट पाईप पाहिजे, नाहीतर वारं धूर खाली दाबतं. फिटिंगवाला म्हणाला एवढं कुणी करत नाही. असू दे.

लाकूड आता उन्हाळ्यातच फोडून घ्यायचं, उघड्या शेडात रचायचं, वर पत्रा आणि बाजू मोकळ्या. ऑनलाइन एक मॉइश्चर मीटर घेतलं, ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचायचं, बाहेरनं टोचून खोटं रीडिंग येतं. 20 टक्क्यांच्या खाली असेल तरच जाळायचं. वखारीतलं पहिलं लाकूड 31 निघालं, वखारवाला "वाळलेलंच हाय" म्हणत होता. आई मीटर बघतच नाही, दोन लाकडं एकमेकांवर आपटते, टणटण वाजलं तर चूल, बद्द वाजलं तर परत शेडात. आणि गंमत म्हणजे तिचं चुकत नाही.

रात्री धुमसत ठेवणं कायमचं बंद. पाईपला चुंबकाचा थर्मामीटर चिकटवलाय, बाहेरनं 120 ते 240 च्या मध्ये काटा ठेवतो. पाईपच्या मापाचा तारेचा ब्रश आणलाय, महिन्यातनं एकदा फिरवतो, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. थर 3 मिलिमीटर झाला की वाट बघायची नाही. पहिल्या वेळी अर्धं घमेलं निघालं होतं, परवा जेमतेम दोन मुठी. पाईपच्या वरच्या टोकाला टोपी आहे, तिची जाळी मात्र सारखी तुंबते, ते विसरलात तर धूर घरात येतो, आमच्याकडं एकदा आईचं डोकं दिवसभर दुखलं, तेव्हापासून चूल पेटली की खिडकी उघडी. काजळी काढायची पावडरपण आणून बघितली, कडक थर जरा भुसभुशीत होतो एवढंच, ब्रश काय सुटत नाही.

पाचपैकी चूल साडेचार, फिटिंग दीड. परवा रविवारी पस्तीस डबे गेले, वर शिडीवर मी ब्रश घेऊन आणि खाली आई शिडी धरून, "टोपीची जाळी बघितलीस का?"