शिशाच्या जुन्या सैनिकांची डागडुजी: मिलिपुट आणि वायेहोचे ॲक्रिलिक रंग, काही महिन्यांच्या वापरानंतर

मिलिपुट ही दोन भागांची इपॉक्सी पुट्टी आणि वायेहो कंपनीचे ‘मॉडेल कलर’ हे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग मी गेल्या उन्हाळ्यापासून शिशाच्या जुन्या खेळण्यातील सैनिकांच्या डागडुजीसाठी वापरत आहे. पुण्याचा उन्हाळा, पावसाळा, दिवाळी आणि थंडी अशा सगळ्या हवामानांत ही दोन्ही साहित्ये वापरून झाल्यामुळे त्यांच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. डोके हरवलेले, पाय तुटलेले, रंग पूर्णपणे उडालेले सैनिक पुन्हा उभे करण्यासाठी यापेक्षा सोयीची जोडी मला मिळालेली नाही. परंतु ज्या सैनिकाच्या अंगावर कारखान्यातला मूळ रंग बऱ्यापैकी शिल्लक आहे, त्या रंगावर यांतले काहीही लावू नये, मग हात कितीही शिवशिवोत.

माझ्याकडचे बहुतेक सैनिक लंडनच्या ब्रिटन्स कंपनीचे आहेत आणि त्यांची घडण समजून घेतल्याशिवाय दुरुस्ती नीट होत नाही. धाकट्या विल्यम ब्रिटन यांनी 1893 मध्ये पोकळ ओतकामाची पद्धत आणली. साच्यात वितळलेला शिशाचा मिश्रधातू ओतायचा, साच्याला टेकलेला बाहेरचा थर घट्ट झाला की आतला अजून पातळ असलेला धातू परत ओतून काढायचा, म्हणजे हाती येते ते केवळ कवच. धातू कमी लागल्यामुळे खेळणे स्वस्त झाले, वजनाला हलके झाले आणि भरीव जर्मन सैनिकांशी स्पर्धा करू शकले. त्या काळच्या एक नंबर गेजच्या (गेज म्हणजे रुळांमधल्या अंतराचे माप) खेळण्यातील आगगाडीशी जुळावी म्हणून उंची 54 मिलिमीटर ठेवली गेली आणि ते माप आजही या छंदाचे प्रमाण मानले जाते. या कंपनीने स्किनर्स हॉर्स, बॉम्बे लान्सर्स अशा हिंदुस्थानी पलटणींचेही संच काढले होते. मुंबईच्या चोरबाजारात किंवा आपल्याकडच्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर मिळणाऱ्या पत्र्याच्या डब्यात असा एखादा फेटेधारी स्वार सापडण्याची शक्यता असते ती त्यामुळेच. पोकळ ओतकामाचे उत्पादन 1966 मध्ये थांबले. म्हणजे आपल्या हाती येणारा सर्वांत नवा सैनिकसुद्धा साठीच्या आसपासचा असतो, आणि पातळ कवचामुळे मान, घोड्याचा पाय व बंदुकीची नळी या तीन जागी तो हमखास मोडलेला असतो.

कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. धातूत शिसे आहे आणि जुन्या रंगातही शिसे असण्याची शक्यता गृहीत धरावी. कोरडा पॉलिश पेपर कधीही वापरू नये. वॉटर पेपर ओला करून घासावे, गाळ ओल्या कागदाने टिपून घ्यावा, हातमोजे व मास्क वापरावा, कामाच्या टेबलावर खाणेपिणे टाळावे आणि घरातल्या लहान मुलांना त्या टेबलाजवळ येऊ देऊ नये. हे सैनिक आता मुलांच्या हातात देण्याची खेळणी राहिलेली नाहीत.

मिलिपुटपासून सुरुवात करतो. ही पुट्टी वेल्समध्ये तयार होते. दोन कांड्या येतात, त्यांचे सारखे तुकडे कापून रंग एकजीव होईपर्यंत मळायचे आणि मग साधारण तीन ते चार तासांत ती दगडासारखी कडक होते. पुण्याच्या मे महिन्यात हा वेळ बराच कमी होतो, डिसेंबरात वाढतो. तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे कडक होण्यापूर्वी ती पाण्यात बुडवलेल्या बोटाने गुळगुळीत करता येते, त्यामुळे सांधा घासण्याची गरज फार थोडी उरते. ज्या कामात घासणे हाच धोका आहे, त्या कामात या गुणाचे मोल वेगळे सांगायला नको.

तुटलेल्या मानेचे उदाहरण घेऊ. जुन्या काळी मुले किंवा त्यांचे वडील डोके पुन्हा बसवण्यासाठी आगकाडीचा तुकडा वापरत, कारण मान आणि धड दोन्ही पोकळ असतात आणि काडी दोन्हीकडे बेमालूम बसते. आजही अनेक सैनिकांच्या गळ्यातून ती काडी निघते. माझ्याकडच्या एका स्वाराच्या मानेतली काडी काळी पडून फुगली होती आणि तिने गळपट्टीला उभी चीर पाडली होती. काडी चिमट्याने काढली, आतला भुसा बारीक सुईने मोकळा केला आणि तिच्या जागी पितळेच्या तारेचा लहान तुकडा मिलिपुटमध्ये रोवला. डोके बसवताना थोडी पुट्टी मुद्दाम बाहेर येऊ दिली, ओल्या ब्रशने तीच चिरेत ढकलली आणि उरलेली पुसून घेतली. हातात घेऊन तिरप्या उजेडात पाहिले तरी सांधा आता कळत नाही. विशेष म्हणजे स्वाराच्या लाल कोटाचा मूळ रंग सांध्यापासून केसभर अंतरावर जसाच्या तसा राहिला.

घोड्याच्या पायासाठी मात्र पुट्टी एकटी पुरत नाही. तिथे हातड्रिलने दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडून तारेची खीळ घालावीच लागते, कारण स्वारासकट सगळे वजन त्या पायावर येते. डाग देण्याचा, म्हणजे सोल्डरने जोडण्याचा, विचार अनेकांच्या मनात येतो, पण शुद्ध शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, मिश्रधातू त्याहीपेक्षा कमी तापमानाला, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचा तापलेला सोल्डरगन या पातळ कवचात क्षणात भगदाड पाडू शकतो. कमी तापमानाला वितळणारे खास सोल्डर असतात, परंतु नवशिक्याने पुट्टी आणि खिळीवरच थांबावे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी नळदुरुस्तीची इपॉक्सी पुट्टीही मी वापरून पाहिली आहे. ती घट्ट धरते आणि स्वस्त आहे, मात्र तिचा कण जाडसर असल्यामुळे चेहरा, बोटे, पट्ट्याचे बक्कल अशा नाजूक जागी तिचा उपयोग नाही. पायाखालचा चौथरा भरायला ती उत्तम.

आता रंगांकडे वळतो. वायेहो ही स्पेनची कंपनी आहे. हे रंग थेंब टाकण्याच्या चोचीच्या बाटलीत येतात, ही वरवर लहान वाटणारी सोय रोजच्या कामात फार मोठी ठरते. दोन थेंब खाकी, एक थेंब तपकिरी असे प्रमाण वहीत लिहून ठेवता येते आणि काही आठवड्यांनी तीच छटा पुन्हा मिळते. रंगद्रव्य बारीक दळलेले असल्यामुळे पाणी घालून अगदी पातळ केलेला थरही नीट झाकतो आणि खालची कोरीव रेघ बुजत नाही. चित्रकलेसाठी मिळणारे नेहमीचे ॲक्रिलिक रंग कॅनव्हासवरच्या जाड थरासाठी बनवलेले असतात, 54 मिलिमीटरच्या चेहऱ्यावर ते जड पडतात. बाटली मात्र दर वेळी जोरात हलवून घ्यावी, कारण कोणत्याही ॲक्रिलिकमध्ये रंगद्रव्य तळाशी बसतेच.

धातूवर हा रंग थेट धरत नाही. खाली प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, हवाच, आणि शिशासाठी मला गाड्यांच्या रंगकामात वापरला जाणारा राखाडी स्प्रे प्रायमर सर्वांत भरवशाचा वाटला. तो मारल्यावर किमान एक दिवस थांबून मग रंगवलेले सैनिक इतक्या महिन्यांनंतरही बंदुकीच्या टोकाशी किंवा चौथऱ्याच्या कडेला टवके न उडता टिकले आहेत. थंडीच्या कोरड्या हवेत रंग पॅलेटवर फार लवकर वाळतो, त्यासाठी उथळ डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर अंथरला की तेवढ्याने काम भागते.

पावसाळ्यात खरी कसोटी लागते ती व्हार्निशची. दमट हवेत स्प्रेचे मॅट, म्हणजे बिनचमकीचे, व्हार्निश मारले तर त्यावर पांढुरकी झाक येते आणि महिनाभराचे काम धुरकटून जाते. जून ते सप्टेंबर मी व्हार्निश फक्त ब्रशने लावतो. आणि इथे एक आग्रहाची सूचना करावीशी वाटते. ब्रिटन्सचे सैनिक मुळात चकचकीत रंगाचे होते. सपाट लाल, सपाट निळा, गालावर गुलाबी टिपका, डोळ्यांच्या जागी ठिपके, ही त्यांची शैली होती. आजकाल अनेक जण त्यांना मॅट रंग देऊन घड्यांमध्ये सावल्या भरतात. त्याने सैनिक अधिक वास्तव दिसतो हे खरे, परंतु तो खेळण्यातला सैनिक राहत नाही. डागडुजी करायची असेल तर रंग मॅट असला तरी शेवटचा थर ग्लॉस, म्हणजे चकचकीत, व्हार्निशचाच द्यावा. सावल्या, धूळ, चिखल यांची हौस नव्या घडवलेल्या प्रतिकृतीवर भागवावी.

अशी एक प्रतिकृती मी या काळात केली आणि रंगांचा खरा कस तिच्यावर लागला. स्टील हेल्मेट घातलेला, महायुद्धानंतरच्या काळातला एक पोकळ सैनिक माझ्याकडे होता. त्याच्या अंगावर रंगाचा कण नव्हता आणि रायफल अर्धी तुटलेली होती, म्हणून त्याचे रूप बदलण्यात काही गैर वाटले नाही. त्याच्यापासून मी नाईक (हा सैन्यातला हुद्दा) यशवंत घाडगे घडवले. 10 जुलै 1944 रोजी इटलीत अप्पर टायबरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधील घाडगे यांच्या सेक्शनवर, म्हणजे लहान तुकडीवर, जवळून मशिनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. त्यांनी एकट्याने धाव घेऊन ग्रेनेड फेकला, सबमशिनगनने एकाला टिपले आणि मॅगझिन बदलायला वेळ नसल्याने तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर चालवली. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला आणि रायगड जिल्ह्यात माणगाव येथे त्यांचे स्मारक आहे. मराठी घरातल्या कपाटात ब्रिटिश गार्ड्सच्या रांगेशेजारी हा शिपाई असायलाच हवा, असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

थॉमसन सबमशिनगन प्रत्यक्षात सुमारे 85 सेंटीमीटर लांब असते, म्हणजे 54 मिलिमीटरच्या सैनिकाच्या 1:32 या प्रमाणात ती 27 मिलिमीटरची व्हायला हवी. नळीसाठी पितळेची बारीक नळी घेतली, बाकीचा दस्ता आणि सरळ मॅगझिन मिलिपुटमधून घडवून, कडक झाल्यावर सुरीने कोरले. गणवेशासाठी ‘खाकी’ आणि ‘इंग्लिश युनिफॉर्म’ या दोन बाटल्यांचे मिश्रण वापरले, उन्हात विटलेल्या कापडासाठी त्यात थोडा फिका रंग वाढवत गेलो. चेहऱ्याच्या रंगाने मात्र बराच विचार करायला लावला. ‘फ्लॅट फ्लेश’ या नावाने मिळणारी छटा गोऱ्या युरोपीय कातडीची आहे आणि तिच्यात तपकिरी मिसळत गेल्यास राखट, निर्जीव रंग तयार होतो. उलट दिशेने गेल्यास काम साधते. ‘सॅडल ब्राउन’चा पाया द्यावा, गालाची हाडे, नाक आणि हनुवटी यांवर ‘बेज ब्राउन’ चढवावा, त्याच्याही वर अगदी टोकांना ‘ब्राउन सँड’चा स्पर्श करावा आणि हेल्मेटखालच्या सावलीत गडद तपकिरीचे पातळ पाणी सोडावे. उन्हात रापलेल्या कोकणी शिपायाचा चेहरा या क्रमाने जिवंत उतरतो. हिंदुस्थानी पलटणींचे सैनिक रंगवणाऱ्या प्रत्येकाने हा क्रम करून पाहावा.

दिवाळीच्या सुमारास हीच साहित्ये मातीच्या मावळ्यांवरही वापरली. किल्ल्यावर मांडायचे मावळे दरवर्षी माळ्यावरून खाली येतात तेव्हा कुणाचा भाला गेलेला असतो, कुणाची ढाल. भाजलेली माती पाणी शोषते, म्हणून तुटलेल्या जागी आधी पातळ केलेला फेव्हिकॉल मुरू द्यावा, वाळल्यावर मगच पुट्टी लावावी. मावळ्यांच्या हातात तारेचा भाला मिलिपुटने पक्का बसतो आणि ॲक्रिलिक रंग मातीवर तर प्रायमरशिवायही छान धरतो. किल्ल्यावर पाणी शिंपडून हळीव उगवायचे असल्यामुळे पायाशी व्हार्निशचा थर आवश्यक आहे. पुण्याच्या कुंभारवाड्यातून आणलेले जुने हाताने रंगवलेले मावळे आता फार उरलेले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यांना हात न लावता फक्त मोडतोड सांधावी, असे माझे मत आहे.

पावसाळ्यानंतर सगळा संग्रह भिंगाखाली तपासला. शिशाला लागणारी पांढरी भुकटी, म्हणजे शिशाचे कार्बोनेट, दमट हवा आणि लाकडातून निघणाऱ्या ॲसेटिक आम्लाच्या वाफा यांमुळे तयार होते. ओकचे लाकूड, चिपबोर्ड, एमडीएफ, पुठ्ठ्याचे खोके ही सगळी त्या दृष्टीने वाईट. काच आणि धातूच्या कपाटात ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेवून मांडलेल्या सैनिकांवर भुकटी दिसली नाही, आणि प्रायमर, रंग व व्हार्निश असे तिन्ही थर असलेले तर अगदी स्वच्छ होते. म्हणून उघड्या पडलेल्या धातूच्या जागा, अगदी चौथऱ्याच्या खालची बाजूसुद्धा, पारदर्शक व्हार्निशने बंद करणे मी आता नेमाने करतो. चौथऱ्याखाली बारीक अक्षरात ‘दुरुस्त’ आणि वर्षही लिहितो, जेणेकरून पुढे हा सैनिक ज्याच्या हाती जाईल त्याला मूळ काय आणि नंतरचे काय हे कळावे.

हे साहित्य बाहेरून येत असल्यामुळे महाग पडते, तेव्हा सुरुवातीलाच मोठा संच घेऊ नये. मिलिपुटचा एक डबा सावकाश काम करणाऱ्याला दीर्घकाळ पुरतो. उघडलेल्या कांड्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवाव्यात. रंगांत काळा, पांढरा, ‘सॅडल ब्राउन’, ‘बेज ब्राउन’, खाकी, एक ठसठशीत लाल आणि एक गडद निळा एवढ्या बाटल्यांत बहुतेक पलटणी रंगवून होतात. उरलेले पैसे चांगल्या सेबल ब्रशवर (प्राण्याच्या मऊ केसांच्या ब्रशवर) खर्च करावेत. अतिबारीक ब्रशाचा मोह टाळून टोक धरणारा 1 नंबरचा घ्यावा, कारण अतिबारीक ब्रशावरचा रंग कागदावरून चेहऱ्यापर्यंत पोचेतोवर वाळलेला असतो.